घरच्या कामाचा रकाना

दादा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मी येत होते.

गुरुवारी सकाळी इंदापूरहून बारामतीच्या एसटीत बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत काकवीची बाटली. माझ्या तात्यांनी तुझ्यासाठी दिलेली. तुला गूळ, काकवी, काही चालत नाही हे तात्यांना कुठून माहीत असणार? मी सांगितलंही नाही. म्हटलं, निदान झाकण उघडून वास देईन. गुरुवार तुझ्या डायलिसिसचा. चार तास तू पलंगावरून हलू शकत नाहीस, म्हणून तुझ्याशी वाद घालायला मी नेहमी तोच दिवस धरायचे. डेअरीच्या प्रयोगशाळेतून एक दिवसाची रजाही काढली होती.

अर्ध्या वाटेत पल्लवीचा फोन आला.

"अर्चना, कुठं आहेस?"

"एसटीत. पोचतेच अर्ध्या तासात. तो झोपला नाही ना? त्याला म्हणावं, आज हरायची तयारी ठेव."

ती काहीच बोलली नाही. पल्लवी नर्स आहे. असं गप्प राहून सांगायची तिला सवय असेल, मला ऐकायची नव्हती. मग म्हणाली, "दवाखान्यात येऊ नकोस. घरीच ये. काकूंकडे."

बाटली मी घट्ट धरून बसले. झाकण नीट लागलं नव्हतं. घरी पोचले तेव्हा माझ्या ओढणीला गुऱ्हाळाचा वास येत होता, आणि तुझ्या अंगणात, तुझ्या आईभोवती, माणसं जमली होती.

तुझं शिक्षण, तुझं वय, मागे कोण कोण, हे सगळं तुझ्या मामांनी पेपरात दिलं आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपला वाद अर्धा राहिला, तो पुरा करायचा आहे. तुझ्याशिवाय कसा करायचा ते मला नीट कळत नाही, पण तुझी वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात एका पानावर तू फक्त एवढंच लिहिलं होतंस: 'घरचं काम. नियम: अर्चनाला विचारून.' खाली सगळं पान कोरं होतं.

तुला आठवतं ना, मी तुझ्या दुकानात पहिल्यांदा आले ती झेरॉक्स काढायला. रसायनशास्त्राच्या नोट्स होत्या. तू मशीन चालू केलंस, आणि काउंटरवर मला तो फासा दिसला. सापशिडीतला चौकोनी नव्हे, वीस बाजूंचा. मी हातात घेतला. तू म्हणालास, "टाक." मी टाकला. एकोणीस पडले. तू म्हणालास, "अरे वा! आत्ता तू एका राक्षसाला मारलंस." मला वाटलं हा माणूस वेडा आहे. सुट्टे परत घेताना तरी विचारलंच, "कुठल्या राक्षसाला?"

असं माझं रविवारचं येणं सुरू झालं. दुकानाच्या वरच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या. पुण्यात शिकताना तू हा खेळ शिकलास, आजारपणामुळे परत आलास आणि येताना खेळही घेऊन आलास. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार, तो जग सांगतो: डोंगर, दरोडेखोर, किल्ले. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. तू नेहमीचा सूत्रधार. मी, पल्लवी आणि इंदापूरहून मोटरसायकलवर येणारा दत्ता, असे आम्ही तिघे पात्रं. दत्ता लाइट फिटिंगची कामं करतो, आणि पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "ताई, हितं अभ्यासाचं काय न्हाय बरं का. चुकून आला असशीला तर आत्ताच सांगा."

प्रत्येक पात्राचा एक कागद असायचा. तलवार, नेम, चढणं, लपणं, मंत्र. दहा गुण मिळायचे, ते यांत वाटून टाकायचे. आणि सगळ्यात खाली तू स्वतःच्या हाताने आखलेला एक रकाना होता: घरचं काम. म्हणजे हा माणूस मोहिमेवर निघण्याआधी काय करत होता. त्याच्या घरात काय चालायचं. त्याला गुण लागत नव्हते. काहीही एक लिहायचं.

दत्ताने लगेच लिहिलं, 'म्हशीची धार काढणे.' पल्लवी सुप्याची. तिने लिहिलं, 'शेरडं राखणे.' मी माझ्या पात्राचं नाव इरावती ठेवलं, राजवैद्याची मुलगी केली, दहाच्या दहा गुण मंत्रांना दिले, आणि तो रकाना कोरा ठेवला.

"इथे काय?" तू विचारलंस.

"काही नाही. तिला शिकवायला माणसं होती. ती घरचं काही करत नव्हती."

तू माझ्याकडे बघितलंस. मग कागद परत दिलास. "राहू दे. भर कधीतरी."

दादा, तेव्हा मी कॉलेजात कुणालाही सांगितलं नव्हतं की माझे तात्या गुळव्या आहेत. विचारलं तर म्हणायचे, शेती आहे. शेती नव्हतीच. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर हंगामभर चुलाणापुढे उभं राहून उसाच्या रसाचा गूळ करून देणं, हे तात्यांचं काम. मनगटापासून कोपरापर्यंत पोळल्याचे डाग. घरात पहिली पदवी माझी होणार होती, आणि मी 'न्हाय'चं 'नाही' करायला आरशापुढे उभी राहून शिकले होते. तुझ्यासारख्या, भिंतीभर पुस्तकं असलेल्या घरातल्या माणसापुढे तो रकाना मी कशाला भरू?

आणि मग तू तो गुऱ्हाळाचा प्रसंग आणलास.

आम्ही तिघं एका किल्ल्यावर कैद होतो. गडकऱ्याच्या घरी कार्य, आणि गुळव्या ऐन वेळी तापाने पडलेला. गडकरी म्हणतो, दिवस मावळायच्या आत गूळ करून द्या, तुम्हाला सोडतो. तू छान रंगवून सांगत होतास. धूर, चिपाडांचा ढीग, मोठी काहील. मग म्हणालास, "कामगार पाक ढवळत राहतात. ढवळता ढवळता काहिलीतच गूळ दगडासारखा घट्ट होतो. मग ते कुदळी घेऊन आत उतरतात आणि फोडून काढतात."

"आरं, आसं न्हाय करत!"

माझ्याच तोंडून. मीच दचकले. पण थांबता येईना.

"काहिलीत घट्ट हुईस्तवर ठिवला तर करपून कोळसा हुईल की! काठीनं थोडा पाक घ्यायचा, गार पाण्यात सोडायचा, बोटानं गोळी वळून बघायची. गोळी जमली की लगीच काहील उचलून गार करायच्या वाफ्यात ओतायची. कुदळी कसल्या आणताय!"

दत्ता खुर्चीतून पुढे झाला. "आगं ये! तू तर आमच्यातलीच निघालीस. अन् इतकं दिस 'मला असं वाटतं, मला तसं वाटतं' करत व्हतीस व्हय?"

पल्लवी हसायला लागली. तू हसला नाहीस. तू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होतास, कारण चूक तुझी होती आणि तुला ती कळली होती. पण सूत्रधार म्हणून तू जे म्हणालास ते मला फार लागलं.

"अर्चना, हे तुला माहीत आहे. इरावतीला माहीत नाही."

"म्हणजे?"

"तिच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तिला हे कसं येईल? इतरांसारखा फासा टाक."

मी टाकला. तीन. गूळ करपला, आम्ही परत तळघरात. दत्ता म्हणाला, "घ्या! गुळव्या टेबलावर बसलीया आन् आमी मरतोय उपाशी." मी पिशवी उचलून खाली उतरले.

दोन रविवार मी आले नाही. तू निरोप पाठवला नाहीस, बोलावलं नाहीस. तिसऱ्या रविवारी मी आले, कागद मागितला आणि पेन्सिलने रकान्यात लिहिलं: 'गुळव्याची मुलगी. गोळी ओळखते.' तू वाचलंस. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलंस.

"पेन्सिलने नको," एवढंच म्हणालास.

मी पेनने गिरवलं. त्या दिवशी घरी जाताना एसटीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुणाची गं तू? मी सांगितलं, तात्यांचं नाव घेऊन, गुऱ्हाळाचं नाव घेऊन. एवढंच झालं. पण मला ते आठवतं.

रकाना भरला आणि आपलं भांडण सुरू झालं. कारण आता मला तो फुकट नको होता.

मी म्हणायचे, तलवारीला गुण लागतात, चढण्याला लागतात, मग घरच्या कामाला का नाही? जे फुकट मिळतं त्याला कुणी मोल देत नाही. तू म्हणायचास, गुण लावले की माणसं तलवारच घेतील. कुणीही धार काढणं विकत घेणार नाही. पात्रं सगळी एकसारखी होतील, मारामारी करणारी, कुठून आली ते ठाऊक नसलेली. "मला त्या कामाची तलवारीशी स्पर्धाच लावायची नाही. ते माणसाबरोबर येऊ दे. जसं नाव येतं."

चांगलं बोलायचास तू. आणि एका गुरुवारी, नळ्या लावून पडलेल्या माणसाला, मी म्हणाले, "तुझ्या घरात कुणी चुलाणापुढे राबलं नाही, म्हणून तुला ते नावासारखं फुकट वाटतं. माझ्या तात्यांचे हात बघ एकदा."

तू डोळे मिटलेस. म्हणालास, "बघायला आवडतील."

मी ते न ऐकल्यासारखं केलं. माफीही मागितली नाही. आत्ता लिहिताना कळतं की दादा, ते वाक्य तू बोलून गेलास आणि नंतर तीन वर्षं परत कधी काढलं नाहीस. माझ्याकडून बोलावणं येईल म्हणून थांबलास. गुऱ्हाळ बारामतीपासून तासाभरावर. तीन हंगाम आले नि गेले. रकाना मी पेनने भरला, पण तुला घरी नाही नेलं. टेबलावर तात्या चालत होते. आमच्या पत्र्याच्या घरात, बाजेवर बसलेला तू मला चालत नव्हतास.

पुढच्या रविवारी तू नवा नियम आणलास. गुण नाहीत, पण आता फासाही नाही. ज्याला घरचं काम येतं त्याला ते येतंच. सूत्रधारही त्यावर शंका घेणार नाही. तुला वाटलं, हा मान आहे. मला वाटलं, वाद संपवायची ही पळवाट आहे. दत्ताला वाटलं, लॉटरी लागली.

मग काय झालं ते तुला माहीतच आहे. गुहेत राक्षसीण समोर आली तर दत्ता म्हणाला, "राक्षशिणीची म्हस असंल की. मी जाऊन धार काढतो, ती खूश." दलदल लागली तर "हितं म्हशी डुंबत असणार, मी म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडं." शेवटी राजदरबारात त्याने प्रधानाला वश करण्यासाठी 'पान्हा सुटेस्तोवर पाठ थोपटायची' परवानगी मागितली, तेव्हा तू हसता हसता टेबलावर डोकं ठेवलंस. काकू वर धावत आल्या, त्यांना वाटलं तुला काही झालं. त्यांच्या हातात तुझी पाण्याची बाटली होती. रोज सकाळी दिवसभराचं पाणी मापाने त्या बाटलीत भरायचं, त्यावर रेघा मारायच्या, त्याहून एक घोट जास्त नाही. आणि त्यातलं थोडंसं वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे संध्याकाळचा शेवटचा घोट तरी गार मिळावा. काकूंनी तुझ्याकडे बघितलं, दत्ताकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "प्रधानाची पाठ थोपटायची तर थोपटू दे की रे. हसून हसून घसा कोरडा पडेल, मग पाणी कुठून आणू?"

मी तेव्हाच म्हणाले, "बघ. फासा नसला की असं होतं. जे कधीच चुकत नाही ते काम कसलं?"

"गुळव्याचं चुकतं?" तू विचारलंस. खरंच विचारलंस, टोमणा नव्हता.

मी लहानपणापासून एकच ऐकलं होतं. तात्यांचं आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळणारा रस, कधी फसलं नाही. पंचक्रोशीत सगळे तसंच म्हणायचे.

मध्येच माझ्या नोकरीची मुलाखत आली. इंदापूरच्या एका दूध डेअरीची प्रयोगशाळा. तिघं समोर बसले होते. एका बाईंनी विचारलं, टायट्रेशन कुठे थांबवायचं ते कसं ओळखता? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "ते सगळेच सांगतात. पुस्तक बाजूला ठेवून सांगा." आणि त्या क्षणी, दादा, मला तुझं पेन दिसलं. मी सांगितलं की माझे वडील गुळव्या आहेत. पाक गार पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळतात. एक क्षण आधी ती गोळी नसते, एक क्षण उशीर झाला तर करपते. घड्याळ बघत नाहीत, रंग बघतात, वास बघतात, आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाहीत. मी ब्युरेटच्या नळीपुढे, थेंब थेंब सोडताना, तशी उभी राहते.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

नोकरी लागल्याचं कळलं तशी मी तुझ्या दुकानात पळत आले. तू एवढंच विचारलंस, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." तुझे डोळे भरले, मी बघितलं. आणि मी काय म्हणाले? "बघ, याला मोल आहे. आता तरी गुण लाव." आभार मानले नाहीत. मला वाटलं, वाद चालू ठेवणं हेच आभार. तुलाही तसंच वाटलं असावं अशी आशा करते, कारण तू लगेच म्हणालास, "अजिबात लावणार नाही."

त्या गुरुवारच्या आधीचा गुरुवार. तू थकलेला होतास. बोलताना मध्ये थांबत होतास. मी निघताना तू म्हणालास, "ऐक. आपण हे मिटवू. तात्यांना विचार, एकदा तरी आदण फसलंय का. फसलं असेल तर तुझं खरं, घरच्या कामालाही फासा टाकू. फसलं नसेल तर माझं. मग परत वाद काढायचा नाहीस."

"आणि तू वहीत काय लिहिणार?"

"जे तात्या म्हणतील ते."

म्हणून मी रविवारी खेळायला न येता घरी, सोमेश्वरनगरला गेले. जेवणं झाली. तात्या ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "तात्या, खरं सांगा. तुमचं आदण कधी फसलं का?"

तात्या म्हणाले, "न्हाय."

आतून आई म्हणाली, "आवं, लेकीला तरी खरं सांगा की! का मीच सांगू?"

तात्या पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "कोण इचारतंय?"

"निरंजनदादा. बारामतीचा."

"त्यो आजारी हाय त्यो व्हय?" तात्यांनी मान हलवली. "फसलंय. दोनदा. पयल्यांदा नवा हुतो, करपवलं. ते सोड. दुसऱ्यांदा ऊस खारवट रानातला हुता. मालकानं सांगितलंच न्हाय. रस उकळतोय, मळी निघतीया, पर गोळी काय जमंना. मालक म्हणतोय अजून जाळ घाल, अजून जाळ घाल. मला कळलं, ह्येचा गूळ हुणार न्हाय. कितीबी जाळ घाला."

"मग?"

"मग काय? येळंत उतरवलं. काकवी केली. डबं भरून दिलं. मालक ओराडला, पर रस वाया न्हाय गेला." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आगं, फसतं समद्यांचंच. ज्येला काम येत न्हाय त्येच्या हातात करपलेली काहील ऱ्हाती. ज्येला येतं त्येला फसल्यावर काय उरतंय ते दिसतं. आन् येळंत दिसतं. म्हणून तर गुळव्या बोलावत्यात. न्हाय तर जाळ काय कुणीबी घालंल."

मी ओट्यावर बसूनच मनात नियम मांडला. तुझंही खरं निघालं होतं, माझंही. उद्याच सांगावं असं वाटलं. पण फोनवर नको, तुझं तोंड बघत सांगायचं होतं.

तात्या उठले, आतून बाटली घेऊन आले. "त्येला दी. आन् त्येला म्हणावं, दुसऱ्याकडनं कसलं इचारतोस, घरी ये. यंदाच्या आदणाला ये म्हणावं. समोर उभा ऱ्हा, दावतो तुला."

तीन वर्षं जे बोलावणं मी दिलं नाही, ते तात्यांनी एका वाक्यात दिलं. आणि मला तेव्हा भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. मी बाजेकडे बघितलं आणि तू तिथे बसलेला दिसलास, मांडीवर वही घेऊन, कुदळीची चूक आठवून लाल झालेला. मी म्हटलं, आणते. गुरुवारी जाऊन सांगते, आणि बरं वाटलं की घेऊनच येते.

बाकी तुला माहीत आहे. किंवा माहीत नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं दुकानापुढे उभे होतो. कुलूप होतं. दत्ता म्हणाला, "सूत्रधार आता तूच. वही तुझ्याकडं हाय." मी म्हटलं, मला जमणार नाही, आणि नियमही ठरलेला नाही. दत्ता म्हणाला, "मग ठरव की. का आमी हितंच बुडायचं?"

काकूंनी घरातून किल्ली आणून दिली.

त्या आमच्या मागोमाग वर आल्या. चहा ठेवला, आणि गेल्या नाहीत. तुझ्या खुर्चीवर मी बसले होते, माझी खुर्ची रिकामी. त्या तिच्यावर बसल्या. म्हणाल्या, "मला घ्याल का? इतकी वर्षं खालून नुसतं हसणं ऐकलं."

मी त्यांना कोरा कागद दिला. दहा गुण कुठे घालायचे विचारलं तर म्हणाल्या, "घाल तुला वाटेल तिथे." शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. 'पाणी मोजून देणे.'

पल्लवी खिडकीकडे बघायला लागली. दत्ताने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

मी खेळ सुरू केला. दुसरं काही सुचेना म्हणून माळरान सांगितलं. तीन दिवसांची वाट, पाण्याची एकच पखाल. पुरेल की नाही? काकू म्हणाल्या, "मी वाटते. माझं काम आहे ते." आणि मग दत्ताने हळूच विचारलं, "फासा टाकायचा का न्हाय?"

दादा, मला दोन मिनिटं लागली. तुझा नियम धरला असता तर काकूंना फासाच लागला नसता. पाणी पुरलंच असतं. त्यांना तेवढं द्यावं असं फार वाटलं. पण तू म्हणाला होतास, वहीत तात्या म्हणतील तेच येणार. आणि काकूंना खोटं चाललं नसतं. ज्या बाईने इतकी वर्षं घोट मोजले, तिला माहीत आहे की नीट मोजूनही पाणी संपतं.

"टाकायचा," मी म्हटलं.

काकूंनी फासा दोन्ही हातांत धरून टाकला. दोन पडले.

मी वही उघडली, ते कोरं पान काढलं, आणि वाचत असल्यासारखं बोलले, तिथे अजून काही लिहिलेलं नव्हतं तरी. "काकू, पाणी पुरलं नाही. फासा म्हणतो तसंच. पण हे काम तुम्हाला येतं. ज्याला येतं त्याचं फसलं, तर काय उरलं ते सूत्रधार सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं."

काकू कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी लिहिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पाणी पुरलं नाही. पण शेवटचा घोट गार होता."

मी ते तसंच्या तसं त्या पानावर लिहून घेतलं. तुझ्या पेनने.